हत्यार आणि शस्त्र



गगनबावड्यात कोयत्यावर व्याख्यान कशाला, असे कोणी विचारील. इकडे कोयता घरोघर आहे. ऊस, गवत, सरपण सारे त्याच्यावरच चालते. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना ‘हत्यार’ हा शब्द कष्टाचा वाटतो. खंडेनवमीला आम्ही हत्याराची पूजा करतो आणि संपात तेच खाली ठेवतो.

परंतु हाच कोयता आता विद्यार्थ्यांच्या वाटेवर दिसू लागला आहे. 27 जून 2023 रोजी पुण्याच्या सदाशिव पेठेत भररस्त्यात एका कॉलेजच्या मुलीवर कोयता उगारला गेला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे तरुण धावले, म्हणून ती वाचली.

कायदा काय सांगतो? 1959 च्या शस्त्र अधिनियमाने केवळ घरकामासाठी वा शेतीसाठी घडविलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. इतर धारदार शस्त्रांसाठी कलम 4 आहे. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदेशात ती परवान्यावाचून बाळगल्यास एक ते तीन वर्षे कैद होते. बंदुकीसाठी वयाची अट पूर्वी 16 वर्षे होती, ती 1983 साली 21 केली गेली. शिवाय 1951 च्या पोलीस अधिनियमाचे कलम 37 आहे. त्याखाली मनाई हुकूम निघाला की सुरा, तलवार, लाठीदेखील सार्वजनिक ठिकाणी नेता येत नाही. 18 वर्षांखालील मुलाचे प्रकरण मात्र बाल न्याय मंडळापुढे जाते.

तेव्हा कायद्याची वाण नाही. अडचण अंमलाची आहे. 2023 साली पुण्यात पोलिसांनी कोयता विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाचे आधार कार्ड पाहण्यास सांगितले. बंदोबस्त हवाच, पण त्याचा जाच फडावर निघालेल्या ऊसतोड मजुराला होता कामा नये. त्याच्या खांद्यावरचा कोयता ही त्याची भाकरी आहे.

शाळा-कॉलेजच्या फाटकाआत मात्र आम्ही सवलत मागणार नाही. तिथे कोयत्याचे काय काम? नियम लेखी असावा, तो प्रवेशाच्या वेळीच मुलांना व पालकांना वाचून दाखवावा आणि पाटलाच्या पोराला एक, मजुराच्या पोराला दुसरा, असे होऊ नये. दप्तर तपासायचे तर सर्वांचे तपासावे. कोयता सापडलाच, तर पोलिसांना कळवावे आणि त्याबरोबर मुलाला हेही विचारावे, की बाबा, तुला भीती कोणाची वाटते?

धाकदपटशाला एकट्याने तोंड देणारा पोरगा हत्यार शोधतो. चार सोबती पाठीशी असले, तर त्याला त्याची गरज उरत नाही. संघटनेचा हा साधा धडा मुलांना शाळेतच मिळावा, एवढीच आमची विनंती आहे.