चुकून मिळालेले पेन्शन



समजा, घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याच्या बाजूला एक निवृत्त सरकारी शिपाई राहतो. भावकीच्या मारामारीत त्याला २ वर्षांची शिक्षा झाली. तो तुरुंगात गेला, पण पेन्शन दरमहा बँकेत जमा होतच राहिले, आणि बायकोने त्यावर घर चालवले. शिक्षा भोगून तो परतला, तो पाठोपाठ पत्र आले : तुरुंगातील काळाचे पेन्शन जादा दिले गेले आहे, ते परत करा. आता तो पैसे आणणार कोठून?

पहिला प्रश्न असा की, तुरुंगात गेल्याने पेन्शन आपोआप बंद पडते काय? अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचे वेतन शिक्षा होऊन सलग ३० दिवसांहून अधिक कैद झाली की थांबते. आपल्याकडे तसे नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांतील २६ वा नियम सांगतो की, गंभीर गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली तर शासन लेखी आदेश काढून पेन्शन सगळे किंवा काही, कायमचे किंवा ठराविक मुदतीपुरते रोखू शकते. तेव्हा आमच्या शिपाईबुवांनी प्रथम विचारावे, “साहेब, तो आदेश कोठे आहे? कोणत्या तारखेचा?” आदेशच नसेल, तर ‘जादा’ हा शब्द कशाच्या आधारावर उभा राहतो?

बरे, आदेश आहे, पण बँकेपर्यंत उशिरा पोचला असे धरू. मग माफीचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात सांगितले की, तृतीय व चतुर्थ श्रेणीचे नोकर, तसेच निवृत्त झालेले नोकर, यांच्याकडून चुकून दिलेली रक्कम वसूल करू नये. तो खटला कैद्यांचा नव्हता. पण त्यामागचा विचार इथेही मांडता येतो. मात्र दोन अडचणी ध्यानात ठेवा. शिक्षेची गोष्ट कोणी मुद्दाम लपवली असेल, तर ही ढाल चालत नाही. आणि जादा रक्कम परत करीन असे हमीपत्र लिहून दिले असेल, तर ते आड येऊ शकते. २०१६ च्या एका निकालात तसेच झाले.

२०२२ साली केरळातील एका शिक्षकाच्या प्रकरणात याच न्यायालयाने स्पष्ट केले की, अशी सूट हा नोकराचा हक्क नव्हे. त्याची ओढाताण होऊ नये म्हणून न्यायबुद्धीने दिलेला तो दिलासा आहे. म्हणून अर्जात नुसते “माफ करा” लिहून भागत नाही. चूक कोणाची, आपण काय कळवले, पैसे कशावर खर्च झाले, घरात खाणारी तोंडे किती, हे महिनावार हिशेबासह लिहावे. माफी नाहीच मिळाली, तर निदान लहान हप्ते मागावेत.

सरकारी तिजोरी सर्वांची आहे, हे खरेच. पण गुन्ह्याची शिक्षा त्या माणसाने भोगली आहे. कचेरीतल्या दिरंगाईची शिक्षा त्याच्या बायकोच्या चुलीने का भोगावी, एवढेच मला आपल्याला विचारायचे आहे.