नऊ मिलिमीटरची लेन्स



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून कॅमेऱ्याच्या लेन्सवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत हे आमचे ठरलेले विषय. पण चौकशी असो, तपासणी असो की लवाद असो, आमच्यापुढे पहिला सवाल येतो तो ‘पुरावा काय?’ हाच. कामगार म्हणतो, पट्ट्यावर जाळी नव्हती. व्यवस्थापन म्हणते, होती. १९४८ च्या कारखाना कायद्याने एकविसाव्या कलमात यंत्राला कुंपण घालणे बंधनकारक केले. पुढे कायद्यांची फेरमांडणी झाली, पण माणसाचे बोट पूर्वीइतकेच मऊ राहिले आहे!

अमेरिकेत लुईस हाईन नावाचा एक शिक्षक होता. १९०८ पासून तो बालमजुरीविरोधी राष्ट्रीय समितीसाठी गिरण्यांतून आणि खाणींतून हिंडला. आत शिरण्यासाठी तो कधी बायबल विकणारा होई, कधी आगीची तपासणी करणारा. पोराची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजून घेई. आणि हे सारे भलीमोठी पेटी व मॅग्नेशियमची भुकटी सांभाळून! चित्राइतकेच माप महत्त्वाचे, ही गोष्ट आम्ही त्याच्यापासून शिकलो.

आता आमच्या हत्याराकडे येऊ. जुन्या एकभिंगी कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा असे. त्याला हलायला जागा हवी, म्हणून कॅमेरा जाड. ऑलिंपस आणि पॅनासोनिक यांनी २००८ मध्ये जी मायक्रो फोर थर्ड्स पद्धत जाहीर केली, तिने आरसाच काढून टाकला. लेन्सची बैठक आणि चित्रफलक यांत दोन सेंटिमीटरांहूनही कमी अंतर उरले. २०१३ साली आलेला पॅनासोनिकचा जीएम१ हा कॅमेरा बॅटरी व कार्डासह २०४ ग्रॅम भरतो आणि सदऱ्याच्या खिशात राहतो. आता तो जुन्या बाजारातच मिळतो. आम्हीही तो तसाच घेतला.

पण कॅमेरा खिशात आणि लेन्स पिशवीत, असे झाले तर उपयोग काय? म्हणून ऑलिंपसची १५ मिलिमीटरची ‘बॉडी कॅप’ लेन्स लावून पाहिली. ही २०१२ ची. नावाप्रमाणे ती खरोखर कॅमेऱ्याच्या तोंडाचे झाकणच आहे: जाडी ९ मिलिमीटर, वजन २२ ग्रॅम, आत तीन भिंगे. विद्युत जोडणी नाही, मोटर नाही. प्रथम लावली की कॅमेरा लेन्स नसल्याची तक्रार करतो. ‘लेन्सशिवाय चित्र घे’ अशी सोय यादीत शोधून चालू करावी लागते. पुढे एक छोटी दांडी आहे. ती सरकवली की झाकण उघडते, आणि तिच्यानेच जवळचे-दूरचे साधायचे.

छिद्र मात्र एकच, एफ ८. पंधराला आठाने भागा. जेमतेम दोन मिलिमीटर, ज्वारीच्या दाण्याहून लहान. या लहानपणातच तिचे सारे गुण आणि सारे अवगुण आहेत. दांडी सुमारे चार हातांवर ठेवली की दोन हातांपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. मोटरीच्या लेन्सने बहुधा चेहरा निवडला असता आणि मागचे यंत्र धूसर केले असते. आम्हाला माणूसही हवा आणि त्याच्या पाठीमागचा उघडा पट्टाही हवा. चार हात म्हणजे किती, हे डोळ्याला आठवड्यात उमगते. मग पडद्याकडे न पाहता, समोरच्याशी बोलता बोलता चित्र घेता येते.

तोटे लपवण्याचे कारण नाही. कोपरे कच्चे आहेत. यंत्रावरची नावाची पाटी कोपऱ्यात आली तर अक्षरे वाचता येत नाहीत, ती मध्यावरच घ्यावी. एफ २ च्या लेन्सच्या मानाने इथे प्रकाश सोळाव्या हिश्शानेच येतो. गेटसभेला दुपारच्या उन्हात चिंता नाही. पण कचेरीसारख्या उजेडात संवेदनक्षमता १६०० ठेवूनही सेकंदाचा तिसावा भाग लागतो, आणि हात चालवणारा कामगार पुसट होतो. आणखी एक खोड या कॅमेऱ्याची. त्याचे यांत्रिक दार सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंतच चालते. त्यापुढे इलेक्ट्रॉनिक दार. ते आवाज करत नाही हे खरे, पण फलक ओळीओळीने वाचते. फिरत्या पंख्याची पाती वाकडी दिसतात, ट्यूबलाइटखाली पट्टे उमटतात. असे चित्र चौकशीत ठेवले तर समोरचा वकील त्यावरच तासभर बोलेल.

‘मग मोबाइल काय वाईट?’ असे आमची पोरे विचारतात. वाईट नाही. त्याच्या इवल्या भिंगालाही जवळ-दूर चांगले दिसते, आणि अंधारात तो आमच्या लेन्सहून सरस. पण त्याच्या चित्रावर आतला गणकयंत्राचा कारभार बराच चालतो. काय गुळगुळीत केले, काय उजळले, याचा हिशेब घेणाऱ्याच्या हाती नसतो. आमच्या कॅमेऱ्यात कच्ची नोंदही राहते, आणि अंतर, वेळ, उजेड हे आम्ही ठरवलेले असते.

हाईनचे वेषांतर मात्र आम्ही आमच्या कार्यकर्त्यांना शिकवत नाही. तो बाहेरचा माणूस होता, चित्र घेऊन पुढच्या गावी जात असे. आमचा चित्रातला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच पाळीला हजर होतो. कंत्राटदाराने चेहरा ओळखला तर त्याला उद्यापासून येऊ नको असे सांगायला चिठ्ठीसुद्धा लागत नाही. म्हणून त्याला विचारायचे, घेतलेले चित्र तिथेच दाखवायचे, तो नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसायचे. पुष्कळदा तोच सुचवतो, ‘साहेब, माझा हात आणि पट्टा घ्या, तोंड राहू द्या.’ अशा वेळी शेजारी फूटपट्टी धरावी. जाळी किती वीत तुटली आहे ते मग कोणी नाकारत नाही.

रात्रपाळीच्या वेळी, चाळीच्या जिन्यात, किंवा दिवे गेलेल्या शेडमध्ये ही लेन्स कामाची नाही. तेव्हा आम्ही दांडी सरकवून तिचे झाकण मिटतो आणि एका मित्राकडून मोठ्या छिद्राची लेन्स मागून आणतो.