टिचकी मारून लिव्हर मोजणं

आजचा विषय ज्यांच्या घरात कुणाला शुगर आहे किंवा सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' निघालंय, त्यांच्यासाठी. फायब्रोस्कॅन.

माझं गाव पिंगुळी, कुडाळच्या शेजारी. ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांसाठी प्रसिद्ध. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, ते इथलेच. चामड्याच्या बाहुलीची पडद्यावर सावली दिसते. आकार कळतो, पण चामडं मऊ आहे की कडक, ते सावलीवरून कळत नाही. साध्या सोनोग्राफीचं बरंचसं असंच आहे. लिव्हरचा आकार दिसतो, चरबी दिसते. पण आत वण धरून ते किती घट्ट झालंय, हे सुरुवातीच्या टप्प्यात नीट कळत नाही. आणि नेमकं तेच कळायला हवं असतं.

मग काय करायचं? फणस तयार झालाय का ते आपण टिचकी मारून बघतो ना, साधारण तसंच. उजव्या बाजूला दोन बरगड्यांच्या मध्ये प्रोब ठेवतात. तो हलका ठोका देतो. त्या ठोक्याने लिव्हरमधून एक संथ लहर जाते, शिअर वेव्ह. सोनोग्राफीचा आवाज शरीरात सेकंदाला साधारण 1540 मीटर धावतो. ही लहर एक-दोन मीटर. तो वेगवान आवाज या संथ लहरीचे सेकंदाला हजारो 'फोटो' काढतो, आणि सॉफ्टवेअर एकामागचे एक फोटो जुळवून वेग काढतं. घट्ट लिव्हर, जास्त वेग.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. रिपोर्टवर वेग नसतो, किलोपास्कल असतात. ते काढायला वेगाचा वर्ग करतात आणि साधारण तिनाने गुणतात. म्हणजे वेग 1.3 असेल तर उत्तर 5, निरोगी. 2.2 असेल तर 14 च्या वर, घाबरण्यासारखं. वर्ग केला की चूकही फुगते. वेगात 20 टक्के चूक, तर उत्तरात 44 टक्के. म्हणून एका ठोक्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. किमान दहा रीडिंग घेतात आणि मधलं धरतात.

माझ्या काकांचा एका शिबिरातला रिपोर्ट आला: 14.2. शेजारच्याने गूगल करून 'सिरॉसिस' सांगून टाकलं. काका मला फोनवर म्हणतात, "झिला, मी दारूक हात लावक नाय, मगे ह्यां काय?" घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. (दारूशिवायही लिव्हर खराब होतं, शुगर आणि वजन पुरेसं असतं. पण हे आपल्याकडे कुणाला पटतच नाही.)

मी फोटो मागवला. 14.2 च्या खाली बारीक अक्षरात आयक्यूआर: 46 टक्के. म्हणजे दहा रीडिंग एकमेकांपासून किती पांगली, ते. एवढ्या मोठ्या आकड्याला हे 30 च्या आत हवं. विचारलं, "काका, जाताना काही खाल्लं होतं?" घावणे, उसळ, चहा. सकाळचं भरपेट. जेवल्यावर लिव्हरकडे रक्त वाढतं, ते ताणलं जातं, आकडा चढतो. म्हणून किमान तीन तास उपाशीपोटी जायचं असतं. हे काकांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या ठिकाणी उपाशीपोटी केली: 8.1, आयक्यूआर 12. दहाच्या खाली असेल आणि बाकी लक्षणं नसतील, तर आजार पुढच्या टप्प्यात गेलेला नाही असं डॉक्टर सहसा धरतात. 15 च्या वर असेल तर शंका पक्की होते. मधल्यांना आणखी तपासण्या. काकांना डॉक्टरांनी वजन आणि शुगर कमी करायला सांगितलं, वर्षाने पुन्हा मोजायला.

आणखी एक. कावीळ अंगात असताना, किंवा हार्ट फेल्युअरमुळे लिव्हरमध्ये रक्त तुंबलं असताना, वण नसले तरी आकडा वर जातो. आपल्याकडे पावसात लेप्टोची साथ असते, काविळीचे पेशंट असतात. तेव्हा नुकतीच कावीळ झाली असेल, तर मोजायच्या आधी डॉक्टरांना ते सांगा. आणि रिपोर्ट हातात आला की मोठ्या आकड्याखालची बारीक ओळ वाचा.