नांवाचा मागला शब्द



रसायनशास्त्रांतील नांवें म्हणजे मुलांची जीभ वळविण्याची शिक्षा, अशी तक्रार शाळेंत शिकवीत असतां मीं पालकांकडून पुष्कळदां ऐकली आहे. वस्तुतः हीं नांवें फार प्रामाणिक आहेत. 1787 सालीं लाव्हाझिए व त्याचे सहकारी यांनीं फ्रान्समध्यें नवी नामपद्धति प्रसिद्ध केली. पदार्थाच्या नांवावरूनच त्याचे घटक कळावे, हा तिचा हेतु.

नियम सोपा आहे. आधीं धातूचें नांव, मागून त्याच्या जोडीदाराचें. जोडीदार एकच मूलद्रव्य असेल तर शेवटीं ‘आइड’ येतें. आपलें मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. गंधकाचें एकट्याचें सल्फाइड. त्यास ऑक्सिजनचे तीन अणु जोडले कीं सल्फाइट, चार जोडले कीं सल्फेट.

सूत्र म्हणजे जमाखर्च. सोडियमचा धनभार एक, क्लोराइडचा ऋणभार एक. म्हणून मिठांत एकास एक. बेरियमचा धनभार दोन. त्यास दोन क्लोराइड लागतात, म्हणून क्लोरिनच्या चिन्हाच्या पायाशीं 2 हा आंकडा लिहितात. सल्फेटचा व कार्बोनेटचा ऋणभार मुळांतच दोन. तेथें एकानेंच भागतें.

आतां या नियमांचें मोल पाहा. पोटाच्या क्ष-किरण तपासणीपूर्वीं रोग्यास बेरियम सल्फेटचें पांढरें पेय देतात. बेरियम विषारी खरें. परंतु सल्फेट पाण्यांत वा जठररसांत जवळजवळ विरघळत नाहीं, म्हणून आलें तसें निघून जातें. ‘सल्फेट’च्या जागीं ‘सल्फाइड’ आलें तर तें विष होय. बेरियम कार्बोनेट तर दिसावयास तशीच पांढरी पूड. उंदीर मारण्यासाठीं ती वापरीत असत. पाण्यांत तीहि फारशी विरघळत नाहीं, पण जठरांतील आम्लाशीं गांठ पडतांच तिचें बेरियम क्लोराइड बनतें. तें विरघळून रक्तांत शिरतें आणि स्नायु व हृदय यांवर घाला घालतें. 2003 सालीं ब्राझीलमध्यें तपासणीच्या अशा पेयांत कार्बोनेट मिसळलेलें आढळलें. कित्येक रोगी प्राणांस मुकले. धातु तोच, रंग तोच. भेद केवळ मागल्या शब्दाचा!

तेव्हां घरांत मूल हीं नांवें घोकूं लागलें तर त्यास हंसूं नये. मागला शब्द शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावयास सांगावें, आणि औषधाची बाटली हातीं घेतांना आपणहि तसाच वाचावा.