उन्हासाठी खणलेले चर



हिवरे बाजारचा डोंगर आपल्या रोजच्या नजरेतला. १९९० नंतर त्याच्या उतारावर समतल चर खणले गेले. त्याआधी पाऊस पडायचा आणि उतारावरून पळून जायचा. चरांनी त्याला अडवलं, मुरवलं. पाऊस वाढला नाही, त्याचं वाया जाणं कमी झालं. छपरावरच्या सोलर पॅनेलचंही असंच आहे.

पॅनेलमधल्या काळ्या-निळ्या चकत्या सिलिकॉनच्या असतात. गुळगुळीत सिलिकॉन आरशासारखं चमकतं. शंभर भाग उजेड पडला, तर तीसहून जास्त भाग तसाच परत जातो. यावर कारखान्यांचा उपाय स्वस्तातला आहे: कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीचं गरम, पातळ द्रावण. हाच सोडा साबण करताना वापरतात. चकती त्यात बुडवली, की सिलिकॉन एका दिशेने भराभर झिजतं, दुसऱ्या दिशेने सावकाश. त्यातून पृष्ठभागावर असंख्य इवलेसे पिरॅमिड उभे राहतात, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे. एका पिरॅमिडवरून उसळलेला उजेड शेजारच्यावर पडतो आणि त्याला आत शिरायची दुसरी संधी मिळते. परत जाणारा उजेड दहा-बारा भागांवर येतो. वर सिलिकॉन नायट्राइडचा पातळ थर दिला, की तो आणखी घटतो. मुंबईच्या आयआयटीत २०१० पासून सौरऊर्जेचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. सिलिकॉनचे सेल कसे सुधारायचे, यावर तिथे काम चालतं.

हे घरी करायचं काम नव्हे. सोड्याने कातडी भाजते, आणि चकत्या काचेखाली बंद असतात. पण पॅनेल घेणं आणि राखणं आपल्याच हातात आहे. पापड-कुरडया वाळवायच्या छपरावर जागा थोडी, आणि पैसा बहुधा बचत गटाच्या कर्जाचा. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. पॅनेलच्या मागच्या पट्टीवरचा वॅटचा आकडा वाचा, लांबी-रुंदी विचारा. तेवढ्याच जागेत जास्त वॅट देणारं पॅनेल उजेड चांगला वापरतं. वॉरंटीचा कागद हातात घ्या, मगच पैसे द्या.

आणि धूळ! आत शिरायला आलेला उजेड ती वाटेतच अडवते. सकाळी काच गार असताना स्वच्छ पाण्याने, मऊ फडक्याने पुसा. राख नको, तारेची घासणी तर नकोच. काचेवर ओरखडे पडतात. बोअरचं क्षाराचं पाणी असेल, तर ते काचेवर वाळू देऊ नका, कोरडं पुसून घ्या. ओल्या छपरावर एकटीने चढू नका.

पाण्याचा ताळेबंद आपल्या गावाने मांडला. आता उन्हाचाही मांडू या.