जुना कॅमेरा सुधारावा, की नवा काढावा?

भांड्याची कल्हई उडाली म्हणून आपण भांडे मोडीत घालीत नाही. चपलेचा अंगठा तुटला तर तो शिवून घेतो. पायाने चालवायच्या शिवणयंत्राला पुढे विजेची मोटर बसविता येते आणि आजीचे यंत्र नातीच्या उपयोगी पडते. मग लाख-दोन लाख रुपये मोजून घेतलेला डिजिटल कॅमेरा चार-पाच वर्षांतच ‘जुना’ का व्हावा? कंपनीने दर वेळी नवे प्रारूप बाजारात आणण्याऐवजी आपल्या हातातला कॅमेराच सुधारून का देऊ नये?

हा प्रश्न केवळ हौशी माणसाचा आहे असे समजू नका. लग्नसमारंभाची छायाचित्रे काढून संसार चालविणाऱ्या माणसाचा विचार करा. एका कॅमेऱ्याचे हप्ते फिटतात न फिटतात तोच त्याच कॅमेऱ्याचा धाकटा भाऊ दुकानाच्या काचेत येऊन बसतो, आणि आपल्या कॅमेऱ्याची किंमत एका रात्रीत उतरते. त्याच्या दृष्टीने हा पोटाचा प्रश्न आहे.

कॅमेरा सुधारून देण्याची कल्पना तशी नवी नाही बरं का! जर्मनीतील वेट्झलार गावच्या लाइट्झ कंपनीने १९२५ मध्ये आपला लायका कॅमेरा बाजारात आणला. त्यात भिंगाला जोडलेला अंतरमापक नव्हता. अंतर अदमासाने किंवा वेगळ्या साधनाने मोजावे लागे. १९३२ मध्ये दुसरे प्रारूप निघाले. त्यात भिंग फिरविले की अंतरमापकही जुळे. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, तिसरे प्रारूप आले आणि त्यात झडपेचे मंद वेगही मिळाले. मग पहिला लायका घेतलेल्यांनी काय करावे? त्यांनी आपला कॅमेरा कारखान्यात पाठवावा, पैसे भरावेत आणि नव्या रूपात परत घ्यावा, अशी सोय कंपनीने ठेवली होती. म्हणून आजही संग्राहकांच्या हाती असे लायका येतात, की ज्यांचा क्रमांक जुना, पण अंगाने ते पुढच्या प्रारूपाचे!

हीच परंपरा डिजिटल युगात चालविण्याचा प्रयत्न याच घराण्यातील लायका कंपनीने करून पाहिला. तिचा पहिला डिजिटल अंतरमापक कॅमेरा, एम ८, २००६ मध्ये निघाला. २००८ च्या जानेवारीत कंपनीने जाहीर केले, की हा कॅमेरा कायम अद्ययावत ठेवता येईल. सुमारे १,२०० युरो भरून मालकाला दोन गोष्टी मिळत. मागच्या पडद्यावर सहसा ओरखडा न पडणारी नीलमण्याची काच, आणि आवाज कमी करणारी नवी झडप. या झडपेचा कमाल वेग सेकंदाच्या आठ हजाराव्या भागावरून चार हजाराव्या भागावर आला. शांततेची तेवढी किंमत द्यावी लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एम ८.२ हे प्रारूप आले. सुधारून घेतलेला एम ८ आणि हा नवा कॅमेरा, दोघांत फारसे अंतर नव्हते. म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्द इथवर पाळला गेला.

पण २००९ च्या सप्टेंबरात एम ९ आला आणि गाडे अडले. एम ८ चा प्रकाशसंवेदक सुमारे २७ मिलिमीटर लांब आणि १८ मिलिमीटर रुंद होता. एम ९ चा संवेदक पूर्ण चौकटीचा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा, जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चित्राएवढा. मालकांना खरी आस होती ती याचीच. पण एम ८ मध्ये एम ९ चा संवेदक बसवून देण्याची सोय काही झाली नाही. पडदा बदलला, झडप बदलली. डोळा मात्र बदलता आला नाही.

असे का व्हावे? येथे जरा थांबून विचार करू. फिल्मच्या काळात कॅमेरा म्हणजे अंधारी पेटी, एक झडप आणि पुढे भिंग. प्रकाश टिपण्याचे काम फिल्मचे. फिल्म सुधारली, तिचा कण बारीक झाला, रंग खुलले, की तुमचा वीस वर्षांचा कॅमेराही त्याच दिवशी सुधारत असे. दर नव्या रोळाबरोबर आपण नकळत नवा संवेदक विकत घेत होतो! डिजिटल कॅमेऱ्यात ही फिल्म कायमची आत बसविलेली आहे. पेटी, झडप, संवेदक आणि त्याच्या खुणा वाचणारा गणकयंत्राचा मेंदू, सारे एकाच जिवाचे अवयव झाले आहेत.

संवेदक मोठा केला, तर झडपेची खिडकी मोठी हवी. चित्रबिंदू वाढले, तर ते वाचून साठविणारा मेंदू अधिक चपळ हवा. मेंदू चपळ झाला की विजेची भूक वाढते, उष्णताही वाढते. शिवाय संवेदक भिंगापासून अचूक अंतरावर आणि अगदी समतल बसला पाहिजे. लायकाच्या एम मालिकेत हे अंतर २७.८ मिलिमीटर आहे. त्यात केसाएवढी चूक झाली, तरी चित्र एका बाजूला पुसट येते. इतके सगळे एकेका जुन्या कॅमेऱ्यात हाताने करावयाचे, तर नवा कॅमेरा बनविण्याइतकाच खर्च येतो.

मग दुसरा उपाय असा, की संवेदकच वेगळा ठेवावा. तसेही झाले आहे. स्वीडनच्या हॅसलब्लाड कंपनीने १९५७ मध्ये ५०० सी हा कॅमेरा काढला. त्याची फिल्मची पेटी मागून काढता येई. म्हणूनच २०२४ मध्ये निघालेली दहा कोटी चित्रबिंदूंची डिजिटल पेटी त्या घराण्याच्या बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांना मागे लावता येते. नातवाच्या वयाचा डोळा, आजोबांच्या वयाचे शरीर! पण ही पेटीच कित्येक नव्या कॅमेऱ्यांहून महाग पडते. जपानच्या रिको कंपनीने २००९ मध्ये जीएक्सआर नावाचा कॅमेरा काढला. त्यात भिंग आणि संवेदक एकाच डबीत. डबी बदला की कॅमेरा बदलला. कल्पना चतुर होती, पण भिंग चांगले असूनही संवेदकासाठी सगळी डबी बदलावी लागे. पुढे ती मालिका बंद पडली.

एवढ्यावरून ‘जुन्या कॅमेऱ्याला काही आशाच नाही’ असे मात्र म्हणू नका. कॅमेऱ्याचा एक भाग हात न लावता सुधारता येतो, तो म्हणजे त्याच्यातली आज्ञावली. फुजीफिल्मचा एक्स १०० हा कॅमेरा २०११ मध्ये विक्रीस आला. देखणा, पण लक्ष्य साधण्यात मंद. २०१३ च्या आरंभी त्याचा वारसदार एक्स १०० एस जाहीर झाला. आता जुन्याला कोण विचारतो, असे वाटले असेल. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कंपनीने जुन्या एक्स १०० साठी नवी आज्ञावली फुकट दिली. त्याचे लक्ष्य साधणे अधिक चपळ झाले आणि हाताने लक्ष्य साधताना कडा उठून दाखविण्याची सोयही मिळाली. निकॉनचा झेड ९ हा २०२१ चा कॅमेरा घ्या. २०२२ च्या एप्रिलात नव्या आज्ञावलीने त्याला सेकंदाला ६० चित्रांच्या वेगाने ८-के चलच्चित्र घेता येऊ लागले. कॅमेरा तोच, किंमत एकदाच दिलेली.

तुम्ही म्हणाल, असे फुकट देत बसले तर कंपनीने खावे काय? प्रश्न रास्त आहे. नवा कॅमेरा विकला गेला नाही, तर संशोधनाला पैसा कोठून येणार? आणि जुन्याची सेवा करणेही सोपे नसते. लायका एम ९ च्या संवेदकावरील काच काही वर्षांनी गंजू लागली. कंपनीने पुष्कळ मालकांना संवेदक विनामूल्य बदलून दिले. पण सुटे भाग काही अक्षय थाळीतून येत नाहीत. ते बनविणारा कारखाना थांबला की साठा संपतो, आणि या संवेदकांचाही संपला.

म्हणून मला वाटते, न्याय असा व्हावा. जे दोष मुळातच राहून गेले आणि जे आज्ञावलीने निघू शकतात, ते काढून देणे हे कंपनीचे ऋण आहे. वारसदार निघाला म्हणून ते फिटत नाही. पडदा, झडप, वेष्टन असे बदलण्याजोगे भाग रास्त दर घेऊन बदलून द्यावेत. आणि संवेदक व मेंदू दोन्ही बदलावे लागत असतील, तर खुशाल नवे प्रारूप काढावे. तेथे जुन्यालाच सुधारण्याचा हट्ट गिऱ्हाइकालाही परवडणारा नाही. मात्र आज्ञावलीने देता येण्याजोगी गोष्ट मुद्दाम अडवून ठेवायची आणि तिलाच नवे नाव देऊन पुन्हा विकायची, याला व्यापार म्हणता येईल, सचोटी म्हणता येणार नाही.

आणि आपण काय करावे? महागडा कॅमेरा घेण्यापूर्वी दुकानदाराला चित्रबिंदू किती हे विचाराच. पण आणखी चार गोष्टी विचारा. या कंपनीने मागच्या प्रारूपाला विक्री संपल्यावरही आज्ञावली दिली होती काय? दुरुस्ती आपल्या शहरात होते, की कॅमेरा परगावी पाठवावा लागतो? बॅटरी पाच वर्षांनीही मिळेल काय? आणि आज घेतलेले भिंग उद्याच्या कॅमेऱ्यावर बसेल काय? यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. १९५४ मध्ये लायका एम ३ साठी बनविलेली बहुतेक भिंगे २०२२ च्या एम ११ वरही बसतात. तेव्हा पैसा घालायचाच, तर आधी भिंगात घाला.

राहिला घरातला जुना कॅमेरा. वारसदार आला म्हणून त्याची चित्रे कालच्यापेक्षा वाईट येत नाहीत. तुमच्या कामाला तो खरोखरच कोठे अडतो ते कागदावर लिहून काढा. कागद भरला, तर नवा घ्या. कोराच राहिला, तर कंपनीच्या संकेतस्थळावर नवी आज्ञावली आली आहे काय ते पाहा, भिंग स्वच्छ पुसा आणि बाहेर पडा.