वर्गणीला घरी जाऊ या
(मंडळाच्या बैठकीतील भाषण)



क्यूआर कोड पाठवला की वर्गणी येते, मग घरोघर कशाला फिरायचं, असं आत्ता कोणी म्हणालं. पैसे येतील हो! पण आपल्या मध्य प्रदेशात १८१ ही हेल्पलाइन असूनही मंगळवारच्या जनसुनवाईला इंदूरच्या कलेक्टर कचेरीत लोक येतातच. अर्जात एक लिहिलेलं असतं. समोर बसवून विचारलं की खरी अडचण दुसरीच निघते.

फोनवर ‘सगळं ठीक’ म्हणणाऱ्या काकूंनी दार उघडलं की कळतं, त्यांना आता जिना उतरवत नाही, मुलं पुण्याला, औषधं आणायला कोणी नाही. हे मोबाईलवर कोण सांगणार?

पावतीपुस्तकं तयार आहेत. दोघादोघांनी जावं, तरुणांनाही बरोबर घ्यावं. आणि चहाला नाही म्हणू नये.